बॉबीचा मूळ रंग कोणता?

"गाड्यांवर पीएचडी? इतिहासात?" घरातल्या प्रत्येक लग्नात मला हा प्रश्न येतो. हल्ली मी उत्तर म्हणून सरळ 'बॉबी' गाडीची गोष्ट सांगते.

एस्कॉर्ट्सच्या या छोट्या मोटरसायकलचं कागदावरचं नाव राजदूत जीटीएस 175. पण 1973 साली राज कपूरचा 'बॉबी' आला, त्यात ऋषी कपूर आणि डिंपल तिच्यावर बसले, आणि कागदावरचं नाव मागेच पडलं. चाकं लहान, हँडल उंच, उंच माणूस बसला की सर्कशीतल्या अस्वलासारखा दिसतो. इंजिन मात्र खेळण्यातलं नाही. दूधवाल्यांच्या थोरल्या राजदूतचंच 173 सीसीचं टू-स्ट्रोक, ज्याचं मूळ पोलंडच्या एसएचएल गाडीत आहे.

थोरली राजदूत पुढे कित्येक वर्षं बनत राहिली. म्हणून जुनी बॉबी घेणाऱ्याचं पिस्टन-रिंगांसाठी फारसं अडत नाही; नाना पेठेत नाही तर जुन्या बाजारात काहीतरी मिळतं. अडतं ते टाकी, सीट, मडगार्डपाशी, म्हणजे जे फक्त बॉबीचंच होतं तिथे. मग फोटो बघून पत्रा ठोकून घ्यायचा.

आता यात कायदाही आलाय. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, आणि रोज फिरवायची नाही. सुरुवातीच्या बॉबी आत्ता कुठे पन्नाशी ओलांडतायत. पण मूळ स्वरूप म्हणजे नक्की कधीचं? माझा प्रबंध याच शब्दांवर अडून बसलाय.

गेल्या वर्षी ओळखीतल्या एका काकांनी बॉबी घेतली. पॉलिश पेपरने टाकी घासताना मी शेजारी वही घेऊन बसले होते. वर काळा, खाली निळा, त्याखाली ब्रशने फासलेला जाड हिरवा. आरसी बुकात मालक तीन, मधले शेतकरी. "अगं, विहिरीवरच्या मोटारीचा उरलेला रंग असणार तो," काका म्हणाले. मला तर खजिनाच सापडला! आरसीतल्या रंगाच्या रकान्यात 'लाल' होतं. तो लाल शेवटी टाकीच्या जोडापाशी नखाएवढा मिळाला. पण मळकट, विटकरीकडे झुकणारा. काकांनी डबा आणून ठेवला होता तो सिनेमाच्या पोस्टरसारख्या झगझगीत लालचा.

आमचं बरंच वाजलं. मी म्हटलं, हिरवा थर गेला तर या गाडीची शेतावरची वर्षं कुठेच नोंदलेली राहणार नाहीत. ते म्हणाले, "मी गाडी घेतलीय ती सोळाव्या वर्षी थेटरात पाहिलेली. शेतावरची नाही."

त्यांचंही चूक नव्हतं. गाडी आता झगझगीत लाल आहे. टाकीच्या पोटाखाली, चासीवर टेकते तिथे, तळहाताएवढा तुकडा त्यांनी न घासता सोडलाय. चारही रंग दिसतात, फक्त टाकी उतरवावी लागते.