वऱ्हाडातील तेलबिया : रासायनिक संघटन आणि आर्थिक इतिहास

वऱ्हाडचा आर्थिक इतिहास बहुतांशी कापसाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. तथापि अमरावती व अकोला जिल्ह्यांतील कोरडवाहू काळ्या जमिनीत कापसाबरोबर जवस, तीळ व करडई ही पिकेही घेतली जात. १८५३ मध्ये हा प्रांत निजामाकडून कंपनी सरकारच्या कारभाराखाली आला आणि १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाडमार्गे नागपूरला पोहोचली. त्यामुळे येथील शेतमालाला परदेशी बाजारपेठ खुली झाली. मात्र कोणते बी जहाजावर चढेल व कोणते गावच्या तेलघाण्यावर राहील, हे ठरविण्यात त्याच्या तेलाच्या रासायनिक संघटनाचाही मोठा वाटा होता.

जवसाच्या तेलात लिनोलेनिक आम्लाचे प्रमाण साधारणतः निम्मे असते. हे तेल हवेतील ऑक्सिजन शोषून वाळते व त्याचा टणक पापुद्रा बनतो. साहजिकच युरोपातील रंग, वॉर्निश व लिनोलियमच्या कारखान्यांत त्यास मागणी होती. याच गुणधर्मामुळे खाण्यासाठी साठविलेले जवसतेल लवकर खवट होते. याउलट तिळाच्या तेलात ओलेइक व लिनोलेइक आम्ले जवळपास समप्रमाणात असून सेसमोलसारखे घटक ऑक्सिडीकरणास अटकाव करतात. म्हणून ते घरात अधिक काळ टिकते.

सरकीचे उदाहरण अधिक बोलके आहे. वेचलेल्या कापसाच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश भाग सरकीचा असतो. तीत तेल असले तरी गॉसिपॉल हे पिवळे, विषारी रंगद्रव्यही असते. रवंथ करणाऱ्या प्रौढ जनावरांच्या पोटात ते बऱ्याच अंशी निष्प्रभ होते. त्यामुळे सरकी दुभत्या जनावरांचे खाद्य म्हणून रूढ झाली. अल्कलीच्या साहाय्याने तेल शुद्ध करण्याची पद्धती अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाली, तेव्हा कुठे सरकीचे तेल स्वयंपाकघरात शिरू शकले.

विदर्भात या विषयाच्या अभ्यासाची सोय उशिरा झाली. तेल-तंत्रज्ञानाचे शिक्षण देणारी लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था नागपूर येथे १९४२ मध्ये, तर अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले.

सारांश, वऱ्हाडच्या शेतकऱ्याने बी पिकविले. परंतु त्यातील घटकांचे ज्ञान व त्यावरील प्रक्रिया दीर्घकाळ अन्यत्र राहिली आणि मोलही तेथेच वाढले. प्रांताच्या दारिद्र्याची मीमांसा करताना पाऊस व सावकारी यांबरोबरच ज्ञानाच्या या अंतराचाही विचार होणे आवश्यक आहे.