चांदबीबीचा महाल : कबर कोणाची, एकांत कोणाचा?



वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासाचं काहीतरी लिहा, असं कमिटीने सांगितलं. सध्या आपल्यात चर्चा एकच चालू आहे. विहाराच्या गच्चीवर मनोऱ्यासारखा ध्यानकक्ष बांधायचा की नाही आणि बांधला तर कसा? म्हणून आपल्याच जिल्ह्यातल्या एका जुन्या मनोऱ्याची हकीकत लिहितो. मी सूतगिरणीतला कामगार आहे, इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. पण रिंग खात्यात आठ-आठ तास आवाजात उभं राहणाऱ्या माणसाला शांतता काय चीज आहे हे कुणी शिकवावं लागत नाही.

नगरहून पाथर्डी रस्त्याला लागलं की दहा-बारा किलोमीटरवर मेहेकरीच्या बाजूला शहा डोंगर लागतो. समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या वर त्याचा माथा आणि माथ्यावर आठ कोनी, तीन मजली दगडी इमारत. अख्खा जिल्हा तिला चांदबीबीचा महाल म्हणतो. एस.टी.त बसलेला बाप खिडकीतून बोट दाखवून पोराला तेच सांगतो. वास्तविक तो महालही नाही आणि चांदबीबीचाही नाही. ती दुसऱ्या सलाबतखानाची कबर आहे. मुर्तझा निजामशहाचा (१५६५ ते १५८८) तो वजीर.

मग नाव चांदबीबीचं का पडलं? चांदबीबी ही याच मुर्तझाची बहीण, विजापूरच्या आदिलशहाला दिलेली. १५९५-९६ साली मोगलांचा वेढा पडला तेव्हा ती नगरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटावर उभी राहून लढली आणि १६०० साली आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली. वजीर कितीही कर्तबगार असो, लोकांनी नाव लक्षात ठेवलं ते लढणाऱ्या बाईचं. इतिहासाच्या दृष्टीने चूक, पण मला ही चूक दुरुस्त करावी असं फारसं वाटत नाही.

आता एकांताची गोष्ट. मुर्तझा निजामशहाला एकांताचं वेड होतं. लोक त्याला दिवाणा म्हणत. राज्य वजिरांवर सोपवून तो वर्षानुवर्षं बागेत कोंडून घेऊन बसे. नगरला लष्कराच्या हद्दीत फराहबाग आहे, तळ्याच्या मधोमध उभारलेला आठ कोनी महाल. तो १५८३ साली सलाबतखानाच्याच देखरेखीखाली पूर्ण झाला. चहूकडे पाणी, गारवा, झाडी. पण तो गारवा एका माणसाचा! शहराला दूरवरून खापरी नळांनी पाणी आणलं होतं, चर खणणाऱ्यांचे घाम त्यात गेले, आणि तळ्याच्या मधोमध बसणार कोण? राजा. तो एकांतही त्याला लाभला नाही. १५८८ साली पोटच्या मुलाने, मीरान हुसेनने, त्याला ठार केलं.

सलाबतखानाचं नशीबही काही फार बरं नव्हतं. राजाने कैदेचा हुकूम काढला तेव्हा त्याने तो निमूटपणे पाळला, असं त्या काळी नगरलाच असलेला इतिहासकार फिरिश्ता लिहितो. पण या माणसाने दोन कामं करून ठेवली. एक ही डोंगरावरची कबर. दुसरं म्हणजे भातोडीचा तलाव, मेहेकरी नदीवरचा. या तलावाचं पाणी पुढे १६२४ साली मलिक अंबरने लढाईत शत्रूच्या छावणीवर सोडलं, आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तो दुरुस्त करून शेतीला पाणी दिलं. डोंगरावर स्वतःसाठी दगड रचणाऱ्याने खाली रयतेसाठी पाणी अडवलं, ही गोष्ट मला कबरीपेक्षा मोठी वाटते.

आता इमारत नीट बघा, कारण आपल्या कामाची आहे ती. कबर खाली तळघरात. वर मधोमध घुमट आणि त्याच्या भोवती तिन्ही मजल्यांवर रुंद ओवऱ्या, आठही बाजूंना उघड्या कमानी. जिना अरुंद, भिंतीच्या जाडीतून गेलेला. त्यातून एका वेळी एकच माणूस धड चढतो, म्हणजे बडबड आपोआप खालीच राहते. नक्षीकाम जवळजवळ नाहीच. सूर्य कुठेही असो, आठांतल्या काही बाजूंना सावली असतेच, आणि वारा एका कमानीतून शिरून दुसरीतून जातो. इंग्रज अमदानीत छावणीतले गोरे उन्हाळ्यात इथे हवापालटाला येत, ते काही उगाच नाही. आमचा भाग पर्जन्यछायेचा, ढग येतात आणि न पडताच जातात. वर ओवरीत बसलं की ते ढग, त्यांची शेतावरून सरकणारी सावली, खालच्या बाजूला उडणाऱ्या घारी, हे सगळं दिसतं. घार वरून बघायला मिळते अशी जागा आपल्या सपाट मुलखात किती? आणि आता तिथे कुणालाही जाता येतं. इमारत केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे.

भिंतीआडचा एकांतही नगरने पाहिला. ऑगस्ट १९४२ ते मार्च १९४५ भुईकोट किल्ल्यात नेहरू, आझाद, पटेल वगैरे कैदेत होते. तिथे लांबवरचं काही दिसत नव्हतं, आकाश तेवढं दिसे. नेहरूंनी माती खणून बाग केली आणि पुस्तक लिहिलं, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच तुरुंगात आचार्य नरेंद्र देव वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’च्या हिंदी अनुवादावर काम करीत होते, हे आपल्या किती लोकांना माहीत आहे?

आपल्या परंपरेत एकांत कधी एकट्याच्या खर्चाने झालेला नाही. पावसाळ्यात हिरवं गवत आणि बारीक जीव पायाखाली चिरडू नयेत म्हणून भिक्खूंनी तीन महिने एका जागी राहायचं, हा वर्षावास. त्यासाठी सह्याद्रीत लेणी खोदली. शेजारच्या जुन्नरला धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीचा शिलालेख आहे. त्यांनी दान काय दिलं? सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. ध्यानाच्या खोल्या आणि पाणी, दोन्ही एकाच दानात, एकाच ओळीत कोरलेलं.

म्हणून कमिटीपुढे माझं म्हणणं असं. ध्यानकक्षाला काचा आणि एसी लावायचं जे चाललंय त्याला माझा विरोध आहे. आठ कोनी जमत नसेल तर चौकोनी करा, पण चारही बाजूंना उघड्या कमानी ठेवा, भोवती बसण्यापुरती ओवरी ठेवा, जिना अरुंद ठेवा. मात्र ज्या म्हाताऱ्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी खाली लिंबाच्या झाडाला पार बांधला पाहिजे. आणि वर्गणीतला पहिला पैसा गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवणाऱ्या टाक्याला जावा. टाकं किती खोल घ्यावं लागेल आणि मुरूम कितीवर लागतो ते गवंड्याला विचारून पुढच्या रविवारच्या बैठकीत सांगतो.