बारगीर की शिलेदार?

फँटसी रोल-प्लेइंग गेमच्या आरंभी योद्धा व्हायचे की जादूगार, हे खेळाडू ठरवतो. मराठी घोडदळात ही निवड बहुधा घोडाच करी. स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिलेदाराचा मान मोठा खरा, पण रणात घोडा पडला की त्याचे भांडवलच बुडे.

पुढच्या पायऱ्या सभासदाने बखरीत नोंदवल्या आहेत : २५ बारगिरांवर हवालदार, ५ हवालदारांवर जुमलेदार, १० जुमलेदारांवर हजारी. (हिशेब केला तर ‘हजारी’ १,२५० स्वारांचा भरतो!) जुमलेदारास ५०० होन, हजारीस १,०००. शिवरायांनी शिलेदारांनाही पागेच्या हुकमतीत ठेवले. माझ्या मते हाच कळीचा निर्णय : घोडा राज्याचा असेल, तर स्वार परस्पर दुसऱ्या धन्याकडे जाऊ शकत नाही.

पेशवाईत मोहिमेच्या सेनानायकास जरीपटका मिळे. नागपुरात फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसवलेल्या आमच्या वस्तीचे नावही तेच. मात्र एव्हाना पागेची पकड सैल झाली होती. मल्हारराव होळकर कदमबांड्यांच्या पथकातून पेशव्यांकडे आले, माळव्याचे सुभेदार झाले आणि पुढे ते सैन्य होळकरांचेच म्हणून ओळखले जाऊ लागले.