पारितोषिकाबाहेरचे सूर

आमच्या शीळफाट्यावर चहाच्या टपरीत ‘अलबेला’चे गाणे लागले, की म्हाताऱ्यांचेही पाय ठेका धरतात. १९५१ च्या या चित्रपटाचे संगीतकार पुणतांब्याचे सी. रामचंद्र. त्यात ट्रंपेटवाले चिक चॉकलेट वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. खरे नाव अँतोनियो झेवियर वाझ. गाव गोव्यातले हळदोणे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडविलेले जॅझ संगीत १९३५ च्या सुमारास मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात घुमले आणि अशा गोवेकर वादकांनी ते सिनेमात आणले.

१९५४ साली फिल्मफेअर पारितोषिके सुरू झाली. पहिल्या वर्षी ती पाचच: चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि संगीतकार. वादकाचा रकानाच नव्हता! १९६७ साली चिक वारले.

तेव्हा गुरुजी, मुलांना गाणे ऐकवाल, तर वाजविणाऱ्याचेही नाव सांगा. एवढे पारितोषिक आपल्या हाती आहे.