वसईचे दोन करार आणि मध्यस्थाचा अधिकार

वसईचें नांव मराठ्यांच्या इतिहासांत दोन करारांनीं कायमचें कोरलें गेलें आहे. पहिला इ. स. १७३९ चा, किल्ला हातीं आल्याचा, दुसरा इ. स. १८०२ चा, राज्याचें स्वातंत्र्य हातचें गेल्याचा. या दोहोंचें लष्करी व राजकीय विवेचन विद्वानांनीं पुष्कळ केलें आहे. आम्हांस येथें निराळा मुद्दा मांडावयाचा आहे. वाद तोडणाऱ्या तिऱ्हाइताचा अधिकार कोठून उत्पन्न होतो व कोठें संपतो, हें या करारांवरून जितकें स्पष्ट होतें तितकें क्वचितच इतरत्र होत असेल.

प्रथम आपली जुनी वहिवाट ध्यानांत घ्यावी. वतनाचा अगर शिवेचा कजिया पडला म्हणजे पंचांचा निवाडा मान्य करूं असा राजीनामा वादी व प्रतिवादी दोघांकडूनही लिहून घेत. राजीनामा म्हणजे आज पद सोडण्याचा कागद. तेव्हां तो राजी असल्याचा लेख होता. त्यावर जामीन घेत. मग तकरीरा, साक्षी व जुनीं पत्रें पाहून निवाडा होई. हरणारा यजितखत लिहून देई. सरकार जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घेई. निवाडपत्र झालें कीं पंचांचें काम संपलें. त्यांचा अधिकार उभयतांच्या संमतींतून येई आणि त्या वादापुरताच असे.

आतां वसईकडे वळूं. वेढ्याच्या अखेरीस, नव्या गणनेच्या १६ मे १७३९ रोजीं (जुन्या गणनेप्रमाणें ५ मे), चिमाजी आप्पांच्या बाजूशीं पोर्तुगीजांचा शरणागतीचा करार झाला. वरिष्ठ सेनानी वेढ्यांत पडल्यामुळें त्यावर कायतानो द सोझा परेरा याची सही आहे. या करारांत मध्यस्थ कोणी नाहीं. लढणाऱ्यांनींच परस्परांशीं बोलून कलमें ठरविलीं. शिबंदीनें शस्त्रांसह, नगारे वाजवीत व निशाणें फडकवीत बाहेर पडावें. कैद्यांची अदलाबदल व्हावी. ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळतां यावा व त्यांचीं तीन देवळें, एक शहरांत, एक वसई बेटांत व एक साष्टींत, राखावीं. हजारों माणसें खर्ची घातल्यावर विजयी पक्षानें पराजितास इतका मान लेखी द्यावा, हें विचार करण्यासारखें आहे. कलम स्पष्ट व मुदत थोडी, म्हणून अंमलही लौकर झाला: आठ दिवसांच्या आंत, २३ मे रोजीं, किल्ला मराठ्यांच्या स्वाधीन झाला.

पण वसई पडली तरी पोर्तुगीजांशीं वाद मिटला नव्हता. चौल त्यांच्याकडे होतें आणि गोव्यांतील साष्टी प्रांतांत मराठी फौज होती. (ही साष्टी ठाण्याजवळच्या साष्टीहून निराळी, हें वाचकांनीं विसरूं नये.) येथें मुंबईकर इंग्रजांचा कप्तान इंचबर्ड मध्यस्थ झाला. इ. स. १७४० मध्यें ठरलें तें असें: पोर्तुगीजांनीं चौल व कोर्लई मराठ्यांस द्यावें, मराठ्यांनीं गोव्याच्या साष्टींतून फौज काढावी, आणि कलमें पुरीं होईपर्यंत कोर्लई इंग्रजांच्या ताब्यांत राहावी. गांवच्या तंट्यांत जें काम जामीन करी, तेंच येथें कोर्लईनें केलें. इंग्रज निःस्वार्थी होते असें आमचें म्हणणें नाहीं. वेढ्याच्या वेळीं पोर्तुगीजांस पंधरा हजार रुपये देतांना देवळांतील चांदी त्यांनीं तारण घेतली होती, आणि १७३९ च्या जुलैंत चिमाजी आप्पांशीं स्वतःचा व्यापारी तहही करून घेतला होता. तथापि कोर्लई त्यांच्याकडे ठेव होती, मालकी नव्हे. त्याच वर्षीं ती मराठ्यांच्या हातीं आली. वाद मिटला तसा मध्यस्थ बाजूस झाला.

बासष्ट वर्षांनीं तेच इंग्रज त्याच वसईंत पुन्हां दिसतात. २५ आक्टोबर १८०२ रोजीं हडपसरास यशवंतराव होळकरानें पेशवे व शिंदे यांच्या फौजा मोडल्या; दुसरा बाजीराव कोंकणांत उतरून वसईस आला व ३१ डिसेंबर रोजीं कर्नल क्लोज याच्याशीं त्यानें तह केला. सहा हजार पायदळ व त्याच्या खर्चास सव्वीस लाखांचा मुलूख, हीं कलमें सर्वांस ठाऊक आहेत. आमचें लक्ष दुसऱ्याच कलमांवर आहे: निजाम व गायकवाड यांच्याशीं असलेल्या वादांत पेशव्यानें इंग्रजांचा निवाडा मान्य करावा.

कोणी म्हणेल, बाजीरावानेंही राजीनामाच लिहून दिला. मग फरक तो काय? फरक तीन आहेत. पंच तिऱ्हाईत नव्हता. तो तहांतील एक पक्षच होता. निजाम व गायकवाड दोघेही आधींच त्याच्या तैनाती फौजेखालीं आले होते, म्हणजे पंच प्रतिवादीच्या घरांत बसलेला. आणि त्याच्या अधिकारास शेवट नव्हता; एका वादासाठीं नव्हे, पुढच्या सर्व वादांसाठीं तो नेमला गेला.

परिणाम काय झाला तो इतिहास सांगतो. गायकवाडाचा हिशेब तोडण्यासाठीं गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले व जुलै १८१५ मध्यें पंढरपुरीं त्यांचा खून झाला. हमीदार होता तोच आतां फिर्यादी झाला, आणि निवाडा करणाराही तोच. जून १८१७ च्या पुणें येथील तहानें गायकवाडावरील मागचे सर्व दावे सालीना चार लाखांवर तोडण्यांत आले. पुढच्याच वर्षीं पेशवाई बुडाली.

यावरून संग्राहकांस आमची एक विनंती आहे. जुन्या दप्तरांतून निवाडपत्रें व महजर आपण जपतों, कारण त्यांवर शिक्के असतात. राजीनामे व जामीनकतबे मात्र किरकोळ म्हणून रद्दींत जातात. वसई, आगाशी, ठाणें या बाजूच्या घरांत असे कागद सांपडल्यास ते निवाडपत्राइतक्याच काळजीनें राखावे. निवाडा काय झाला हें निवाडपत्र सांगतें. तो करण्याचा अधिकार पंचांस कोणीं व कोठवर दिला, हें त्या लहान चिठोऱ्यावरच कळतें.