काजळी फासलेले चेहरे

आपल्याकडे एखाद्यावर जाहीर राग काढायचा असला की त्याच्या तोंडाला काळं फासतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो. ‘तोंड काळं कर’ ही मराठीतली शिवी, आणि आमच्या घरातल्या दखनीतही ‘मुँह काला’ म्हणजे तेच. काळं तोंड म्हणजे बेइज्जती, हे भाषेनं जणू ठरवूनच टाकलं आहे. आज मी ज्या माणसांविषयी बोलणार आहे, त्यांनी मात्र स्वतःच्या हातानं स्वतःच्या तोंडाला काळं फासलं, आणि ते बघायला लोकांनी तिकिटं काढली. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडची आहे. पण ती तिथंच राहिली नाही, मुंबईपर्यंत आली, म्हणून ती आपलीही आहे.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. बी.ए. झालो आणि कविता लिहीत राहिलो. शब्दाच्या मागे लागणं हा कवीचा धंदाच. मी लागलो होतो ‘बँजो’ या शब्दाच्या मागे. आमच्या जालना भागात लग्नाच्या वरातीपुढं बँजो पार्टी असते. आपण ज्याला बँजो म्हणतो ती बटणांची पेटी वेगळी, मूळचा बँजो वेगळा. आफ्रिकेतून गुलाम करून अमेरिकेत नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून, तारा लावून जे वाद्य केलं, तो बँजो. त्यांच्या हातातलं हे वाद्य जगभर कुणी पोचवलं, असं विचारत गेलो तेव्हा उत्तर मिळालं : तोंडाला काजळी फासलेल्या गोऱ्या सोंगाड्यांनी. त्यांना ‘मिन्स्ट्रेल’ म्हणत. बाटलीचं बूच जाळायचं, त्याची राख कालवून चेहऱ्याला लावायची, ओठ मोठे रंगवायचे, भडक कपडे घालायचे आणि गुलामांची म्हणून गाणी म्हणायची, नाच करायचे, वेडंवाकडं इंग्रजी बोलून हसवायचं, असा तो खेळ.

या खेळाची सगळ्यात चांगली नोंद जुन्या वर्तमानपत्रांत आहे. ब्रिटिश लायब्ररीतल्या जुन्या वर्तमानपत्रांची पानं २०११ पासून इंटरनेटवर पैसे भरून वाचता येतात. शब्द टाकला की शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या पानावरची तेवढीच ओळ पुढ्यात येते. शाई पुसट असेल तर यंत्र अक्षरं चुकीची वाचतं, मग तोच शब्द चार प्रकारे टाकून बघावा लागतो. पण खरी अडचण वेगळीच. त्या काळी या खेळांच्या जाहिरातीत काळ्या माणसांसाठी जे शब्द वापरत, त्यांतले बरेच आज शिवी समजले जातात. ते शब्द टाकल्याशिवाय काही सापडत नाही. म्हणजे इतिहासाचं दार उघडायला आधी शिवी लिहावी लागते. मी ती लिहिली, आणि दर वेळी बोट क्षणभर अडखळलं.

सुरुवात होते १८३६ पासून. त्या वर्षी टी. डी. राइस नावाचा अमेरिकन नट लंडनच्या सरे थिएटरात उतरला. त्याचं सोंग होतं ‘जिम क्रो’. अमेरिकेत एका म्हाताऱ्या, लंगड्या काळ्या मोतद्दाराला गाताना-नाचताना बघून त्यानं ती नक्कल उचलली, अशी आख्यायिका आहे. राइसचं नाव आणि त्याची चित्रं राहिली. त्या म्हाताऱ्याच्या नावाबद्दल कुणाचं एकमत नाही. पुढं अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणारे जे कायदे झाले, त्यांना लोकांनी या सोंगाचंच नाव दिलं : जिम क्रोचे कायदे. एका हास्याचं नाव शेवटी कायद्याला लागलं.

याच १८३६ साली इंग्लंडात आणखी एक गोष्ट घडली. वर्तमानपत्रावरचा सरकारी कर चार पेन्सांवरून एका पेनीवर आला, आणि १८५५ मध्ये तो पुरता गेला. कागद स्वस्त झाला, वाचक वाढले. स्वस्त वर्तमानपत्र आणि काजळीचा खेळ असे दोघंही बरोबरच मोठे झाले. खेळाला जाहिरात हवी होती, वर्तमानपत्राला जाहिरातीचे पैसे हवे होते.

आता याच्या थोडं मागचं बघा. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ चा, तो लागू झाला १८३४ च्या १ ऑगस्टला. नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड ठरले, तेही गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना. गुलामगिरीविरुद्ध सभा घेणारा, अर्ज करणारा हा देश, आणि दोनच वर्षांनी तो जिम क्रोवर लोटपोट हसत होता. माणसाच्या बेड्या तोडायला तयार असलेला समाज त्याला आपल्या बरोबरीचा मानायला तयार असतोच असं नाही. हे आपल्याला कुणी इंग्लंडातून येऊन सांगायला नको.

पुढं १८४३ मध्ये ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ नावाची चौघांची मंडळी न्यूयॉर्कहून इंग्लंडात आली. फिडल, बँजो, खंजिरी आणि हाडांच्या चिपळ्या हा त्यांचा साज. (याच १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, हे सहज आठवलं.) १८४६ मध्ये ‘इथिओपियन सेरेनेडर्स’ आले. हे नीटनेटका पोशाख करून, सभ्य कुटुंबांनी बघावा असा कार्यक्रम करत. या मंडळींच्या जाहिराती आणि परीक्षणं वाचताना मला एक गंमत दिसली. ज्यांनी आयुष्यात गुलामांचा मळा पाहिला नव्हता, तेच छातीठोकपणे सांगत होते की ही नक्कल अगदी अस्सल आहे. अस्सलपणाची कसोटी कोण लावतो, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

कारण अस्सल माणसंही तिथं आली होती. विल्यम हेन्री लेन हा काळा नर्तक ‘जुबा’ या नावानं १८४८ मध्ये अशाच एका गोऱ्या मंडळीबरोबर इंग्लंडात नाचला. त्याच्या पावलांची तारीफ करताना वर्तमानपत्रांना शब्द पुरेनात. चारपाच वर्षांतच तो तिथंच वारला, आणि कौतुकाचे रकाने भरणाऱ्यांना त्याच्या मरणाची धड बातमीही लिहावीशी वाटली नाही.

दुसरा आयरा आल्ड्रिज. न्यूयॉर्कचा हा काळा नट शेक्सपिअर करायला इंग्लंडात आला. १८३३ मध्ये कॉव्हेंट गार्डनला त्यानं ऑथेल्लो केला. ऑथेल्लो काळा आहे हे नाटकातच लिहिलेलं. पण आजवर ती भूमिका रंग लावलेल्या गोऱ्या नटांनी केलेली. खरा काळा माणूस उभा राहिला तेव्हा लंडनच्या काही पत्रांनी त्याच्यावर विष ओतलं. तो लंडन सोडून गावोगाव फिरला, मग युरोपभर गाजला. तिथं तो चेहऱ्याला पांढरा रंग लावून लिअर राजाही करायचा. १८६७ मध्ये पोलंडमधल्या वूच या शहरात तो वारला. त्याच वर्षी महादेवशास्त्री कोल्हटकरांचा मराठी ‘ऑथेल्लो’ छापून आला.

तिसरा फ्रेडरिक डग्लस. गुलामीतून पळालेला हा वक्ता १८४५ ते १८४७ ब्रिटन-आयर्लंडमध्ये सभा गाजवत होता. त्याच्या इंग्रज मित्रांनी वर्गणी काढून मालकाला पैसे मोजले आणि तो कायद्यानं मोकळा झाला. अमेरिकेत परतल्यावर त्यानं स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, आणि १८४८ मध्ये त्यात या काजळीवाल्यांना सोलून काढलं. देवानं न दिलेला रंग आमच्याकडून चोरून हे लोक पैसा कमावतात, असा त्याचा आरोप होता. ज्याची नक्कल चालली होती, तो माणूस छापील अक्षरांत उत्तर देत होता. त्यासाठी त्याला स्वतःचा छापखाना उभा करावा लागला.

जहाजं जिथं जिथं गेली तिथं हा खेळ गेला. १८६० च्या दशकात डेव्ह कार्सन हा अमेरिकन मिन्स्ट्रेल हिंदुस्थानात आला आणि कलकत्ता-मुंबईत लोकप्रिय झाला. त्यानं काळ्या गुलामाच्या जोडीला एक नवं सोंग काढलं : बंगाली बाबू. मोडकं इंग्रजी बोलणारा, साहेब होऊ बघणारा कारकून. खेळ तोच, फक्त चेहरा बदलला. याला उत्तर दिलं कलकत्त्यातल्याच एका नटानं. अर्धेंदुशेखर मुस्तफी त्याचं नाव. (मुस्तफी हे बादशाही अमलातलं हिशेबनिसाचं पद, ते आडनाव झालं, गृहस्थ हिंदू बंगाली.) १८७३ मध्ये त्यानं ‘मुस्तफी साहेब का पक्का तमाशा’ केला. त्यात साहेबाचीच नक्कल होती. बाबूवर हसणाऱ्यांना आता स्वतःवर हसण्याची पाळी आली.

आणि त्याच १८७३ साली, आपल्या पुण्यात, जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं. काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना त्यांनी ते अर्पण केलं. जरा विचार करा. अमेरिकेतून त्या काळी आपल्याकडे दोन गोष्टी येत होत्या. एक, गुलामाचं हसू करणारा खेळ. दुसरी, गुलाम मुक्त झाल्याची खबर. फुल्यांनी त्यातली दुसरी उचलली, आणि तिच्या उजेडात आपल्या शूद्रातिशूद्रांचा चेहरा पाहिला. सातासमुद्रापलीकडच्या काळ्या माणसाशी त्यांनी हसण्याचं नातं जोडलं नाही, दुःखाचं जोडलं.

मला मात्र सगळ्यात जास्त टोचला तो जाहिरातींतला ‘इथिओपियन’ हा शब्द. त्या मंडळींचा इथिओपियाशी काडीचा संबंध नव्हता. आपल्या मराठवाड्याचा मात्र आहे. इथिओपिया म्हणजे हबशाण, आणि हबशी हा शब्द आमच्या घरात आदरानं घेतला जातो, कारण पहिली अजान देणारे हजरत बिलाल हबशी होते. त्याच मुलखातून गुलाम म्हणून विकत विकत दख्खनला पोचलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता झाला. त्यानं १६१० मध्ये खडकी शहर वसवलं. तेच पुढं औरंगाबाद झालं आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. त्याची नहर, त्याची जमीनमहसुलाची धारापद्धत आमच्या भागाला ठाऊक आहे. १६२४ मध्ये भातवडीला शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. बादशहा जहांगीरला हा माणूस रणात हाती लागला नाही. तेव्हा त्यानं आठवणींत त्याला ‘काळतोंड्या’ म्हणून घेतलं, आणि भाल्यावर लावलेल्या अंबरच्या मुंडक्यावर आपण बाण मारतो आहोत असं चित्र काढवून घेतलं. अंबर तेव्हा जिवंत होता. तो १६२६ मध्ये वारला आणि खुलताबादला त्याची कबर आहे. म्हणजे ज्याला हरवता येत नाही त्याच्या रंगावर घसरायचं, ही रीत काही गोऱ्यांचीच नाही.

यावर कुणी म्हणेल, नक्कल ही तर कला आहे. तिच्यावर एवढा राग कशाला? बरोबर आहे. आमच्या गावाकडे रायरंद यायचा, बहुरूपी यायचा. खाकी कपडे घालून फौजदार व्हायचा, घरधन्याला दरडवायचा, आणि घरधनी हसत हसत सुपातलं धान्य त्याच्या झोळीत घालायचा. पण इथं दुबळा माणूस बळकटाची नक्कल करत होता, आणि ज्याची नक्कल करायचा तो फौजदार गावातच होता, तोही बघू शकत होता. लंडनच्या नाट्यगृहात ज्याची नक्कल चालली होती, तो समुद्रापलीकडे कापसाच्या मळ्यात साखळीत होता. नक्कल चांगली की वाईट हे ठरवायची माझ्यापुरती कसोटी एवढीच : जिची टर उडवतो आहोत ती व्यक्ती उत्तर देऊ शकते का?

शाळेत असताना गॅदरिंगच्या नाटकात मला मुसलमानाचं काम मिळालं. लुंगी, खोटी दाढी, आणि अर्धं हिंदी अर्धं मराठी असे विनोदी संवाद. मी ते वर्गात बोलतो तशा सरळ मराठीत म्हणू लागलो, तर मास्तर म्हणाले, ‘‘असं नको रे, तुमच्यासारखं बोल.’’ मास्तरांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी जसा बोलायचो तो मी त्यांना अस्सल वाटत नव्हतो, हे खरं. पुढं अमेरिकेत काळ्या नटांनाही रंगमंचावर येताना तोंडाला काळं फासावं लागे, हे वाचलं तेव्हा त्यांची अडचण मला कुणी समजावून सांगावी लागली नाही.

हे सगळं फार जुनं झालं असंही समजू नका. बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर काजळी फासलेल्या गायकांचा कार्यक्रम १९५८ पासून १९७८ पर्यंत, तब्बल वीस वर्षं चालला. तो बंद करा म्हणून १९६७ मध्ये अर्ज झाला, तरीही आणखी अकरा वर्षं चालला.

आपल्याकडची जुनी मराठी वर्तमानपत्रं ग्रंथालयांत आहेत. कुणा तरुण अभ्यासकानं ती उघडून बघावीत. आपली नाटकं, आपले फार्स कुणाकुणाला हसत होते : मारवाड्याला, मुसलमानाला, खेडुताला, बाईला? आणि त्यांतल्या कुणी काही उत्तर दिलं होतं का? जाहिराती मोठ्या टायपात असतात, त्या लगेच सापडतील. उत्तरं बारीक टायपात असतील, एखाद्या वाचकाच्या पत्रात असतील, किंवा कुणा डग्लसच्या, कुणा जोतीरावांच्या स्वतःच्या छापील पानावर असतील. ती शोधायला वेळ लागेल. पण तेवढा वेळ द्यायला हवा, कारण हसणाऱ्यांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ आहे. ज्यांना हसलं गेलं त्यांचा अजून लिहायचा आहे.