एन्रिके फुएन्तेस किंताना

एन्रिके फुएन्तेस किंताना (१३ डिसेंबर, १९२४:कार्रिओन दे लोस कोंदेस, पालेन्सिया प्रांत, स्पेन – ६ जून, २००७:माद्रिद, स्पेन) हे स्पॅनिश अर्थशास्त्रज्ञ, प्राध्यापक व मंत्री होते. सार्वजनिक वित्त हा त्यांच्या अभ्यासाचा प्रमुख विषय होता. स्पेनमध्ये हुकूमशाहीकडून लोकशाहीकडे संक्रमण होत असताना, जुलै १९७७ ते फेब्रुवारी १९७८ या अल्पकाळात, ते अदोल्फो स्वारेस यांच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान व अर्थमंत्री होते. याच काळात झालेल्या मोन्क्लोआ करारांचे ते प्रमुख शिल्पकार मानले जातात. आधुनिक स्पॅनिश प्राप्तिकराची वैचारिक पायाभरणीही बहुतांशी त्यांनीच केली.

स्पॅनिश पद्धतीनुसार व्यक्तीच्या नावापुढे आधी वडिलांचे व नंतर आईचे आडनाव येते. त्यामुळे त्यांचा उल्लेख 'फुएन्तेस' किंवा 'फुएन्तेस किंताना' असा केला जातो. केवळ 'किंताना' असा नव्हे.

== शिक्षण आणि अध्यापन ==

फुएन्तेस यांचा जन्म सान्तियागोच्या यात्रामार्गावरील कार्रिओन या लहानशा कास्तिलियन गावी झाला. यादवी युद्ध संपले तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. माद्रिद विद्यापीठात त्यांनी कायदा आणि राज्यशास्त्र-अर्थशास्त्र अशा दोन्ही शाखांचे शिक्षण घेतले. अर्थशास्त्राची स्वतंत्र विद्याशाखा तेथे १९४०च्या दशकातच सुरू झाली होती. तत्पूर्वी स्पेनमध्ये अर्थशास्त्र हा कायद्याच्या अभ्यासक्रमातील एक दुय्यम विषय होता. या विद्याशाखेतून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढीने पुढे मंत्रालये, मध्यवर्ती बँक व विद्यापीठे यांत महत्त्वाच्या जागा घेतल्या. फुएन्तेस आणि त्यांचे आजन्म सहकारी हुआन वेलार्दे हे त्या पिढीचे प्रतिनिधी होत.

व्हायादोलिद व त्यानंतर माद्रिद येथे ते सार्वजनिक वित्ताचे प्राध्यापक झाले. उत्तरायुष्यात त्यांनी राष्ट्रीय दूरशिक्षण विद्यापीठातही अध्यापन केले. वेलार्दे यांच्यासह त्यांनी माध्यमिक शाळांसाठी आर्थिक धोरणावर एक पाठ्यपुस्तक लिहिले. मुळात तो तास फ्रँको राजवटीच्या राजकीय शिकवणीसाठी राखलेला होता. या पुस्तकामुळे किशोरवयीन विद्यार्थ्यांना त्या तासात प्रचाराऐवजी राष्ट्रीय उत्पन्न, भाववाढ आणि परकीय व्यापार यांची ओळख झाली. अर्थशास्त्राच्या प्रसाराच्या दृष्टीने हे पुस्तक त्यांच्या अनेक विद्वत्ताप्रचुर लेखांहून अधिक परिणामकारक ठरले असावे.

१९५८ पासून सुमारे दशकभर ते व्यापार मंत्रालयाच्या 'इन्फोर्मासिओन कोमेर्सियाल एस्पान्योला' या नियतकालिकाचे प्रमुख होते. स्वयंपूर्णतेच्या हट्टामुळे स्पेनची परकीय गंगाजळी त्या सुमारास जवळजवळ आटली होती. १९५९च्या स्थिरीकरण योजनेने पेसेटाचा दर डॉलरला ६० असा निश्चित केला आणि आयातीवरील बंधने सैल करण्यास आरंभ केला. योजनेच्या आखणीत मध्यवर्ती बँकेतील हुआन सार्दा यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांचा मोठा वाटा होता. ती वाचकांना समजावून सांगण्याचे आणि तिची पाठराखण करण्याचे काम फुएन्तेस यांच्या नियतकालिकाने केले. सरकारी नियतकालिक असूनही त्याचा सूर पुष्कळदा सरकारवर टीका करणारा असे.

== करसुधारणेचा आराखडा ==

फ्रँकोकालीन करव्यवस्था समजून घेतल्याशिवाय फुएन्तेस यांच्या कार्याचे महत्त्व ध्यानी येत नाही. १९५७च्या सुधारणेनंतर अनेक व्यवसायांत प्रत्येक करदात्याचे खरे उत्पन्न मोजले जात नसे. एखाद्या प्रदेशातील एखाद्या व्यवसायाचा एकूण नफा समितीमार्फत अंदाजाने ठरवला जाई व मग तो त्या व्यवसायातील व्यक्तींमध्ये वाटून दिला जाई. ज्याची विक्री दुप्पट झाली त्याचा कर दुप्पट होईलच असे नव्हते. पगारदाराचे उत्पन्न मात्र उघड असल्याने त्याची सुटका नव्हती. उरलेली महसुलाची गरज वस्तूंवरील अप्रत्यक्ष करांतून भागवली जात असे. परिणामी राज्य दरिद्री राहिले आणि शाळा, रुग्णालये व सामाजिक सुरक्षा यांवरील खर्च पश्चिम युरोपच्या तुलनेत फारच कमी राहिला.

फुएन्तेस यांनी या प्रकाराचे विश्लेषण 'लॅटिन करशैली' या संकल्पनेच्या आधारे केले. कायदा कागदावर कठोर असतो, प्रशासन दुर्बळ असते, चुकवेगिरी सर्वमान्य होते आणि तिची भरपाई करण्यासाठी कायदा आणखी कठोर केला जातो, असे हे दुष्टचक्र होय. त्यामुळे नवा कायदा लिहिणे हा सुधारणेचा सोपा भाग आहे, प्रशासन उभारणे हा खरा भाग आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या विचारांवर जर्मन वित्तशास्त्रज्ञ फ्रिट्झ नॉयमार्क व अमेरिकेतील रिचर्ड मसग्रेव्ह यांचा प्रभाव दिसतो.

वित्त मंत्रालयाच्या राजकोषीय अभ्यास संस्थेचे संचालक असताना त्यांनी तरुण अर्थतज्ज्ञांचा व कर निरीक्षकांचा गट जमवला. या गटाने १९७३ मध्ये 'हरित ग्रंथ' या नावाने ओळखला जाणारा करसुधारणेचा अहवाल सिद्ध केला. सर्व उत्पन्नांवर एकच व्यक्तिगत, प्रगतिशील कर असावा, ही त्यातील मध्यवर्ती शिफारस होती. फ्रँको हयात असेपर्यंत ती अमलात आली नाही. १९७६ मध्ये त्याच संस्थेतून 'श्वेत ग्रंथ' तयार झाला. पुढील वर्षी सत्तांतर झाले तेव्हा नव्या सरकारच्या हाती तयार मसुदे होते.

== मंत्रिपद आणि मोन्क्लोआ करार ==

१५ जून, १९७७ रोजी स्पेनमध्ये १९३६ नंतरची पहिली मुक्त निवडणूक झाली. पंतप्रधान स्वारेस यांनी पक्षीय राजकारणाबाहेरच्या फुएन्तेस यांच्याकडे अर्थखाते सोपवले. १९७३ च्या तेल दरवाढीचा भार ग्राहकांवर पडू न देण्याचे धोरण आधीच्या सरकारांनी राबवले होते. देशाची बहुतांश ऊर्जा आयात होत असल्याने व्यापारी तूट फुगली होती. महागाईचा वार्षिक दर २६ टक्क्यांवर पोहोचला होता आणि बेकारी वाढत होती.

पदभार स्वीकारताच जुलैमध्ये पेसेटाचे सुमारे २० टक्के अवमूल्यन करण्यात आले. त्याच महिन्यात फुएन्तेस यांनी दूरचित्रवाणीवरून भाषण करून परिस्थितीचे गांभीर्य जनतेसमोर मांडले. अर्थमंत्र्याने प्राध्यापकी संथपणे, काहीही न लपवता आकडे सांगावेत, हे स्पॅनिश प्रेक्षकांना नवे होते. १९३१ साली स्थापन झालेले प्रजासत्ताक जागतिक मंदीच्या काळात जन्मले आणि पुढे कोसळले, याची जाणीव त्यांच्या भूमिकेमागे होती. आर्थिक संकट आवरले नाही तर कोवळी लोकशाहीही टिकणार नाही, असे ते मानत. कोणत्याही एका पक्षाला हे ओझे पेलणार नाही, असाही त्यांचा निष्कर्ष होता.

पंतप्रधानांच्या मोन्क्लोआ या निवासस्थानी झालेल्या वाटाघाटींनंतर २५ ऑक्टोबर, १९७७ रोजी आर्थिक करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. स्वारेस, समाजवादी नेते फेलिपे गोन्सालेस, साम्यवादी नेते सान्तियागो कार्रियो आणि फ्रँकोचे माजी मंत्री मानुएल फ्रागा यांची नावे एकाच दस्तऐवजावर आली. कार्रियो व फ्रागा यादवी युद्धाच्या दोन बाजूंचे वारस होते. सोबतच्या राजकीय करारावर मात्र फ्रागा यांनी स्वाक्षरी केली नाही.

कराराचा आर्थिक गाभा साधा होता. तोवर वेतनवाढ मागील वर्षाच्या महागाईनुसार ठरत असे. महागाई २६ टक्के असेल तर वेतने किमान तितकी वाढत, उत्पादनखर्च तितकाच चढे आणि पुढील वर्षाची महागाई आपोआप ठरून जाई. करारान्वये १९७८ ची वेतनवाढ मागील नव्हे, तर अपेक्षित महागाईवर बेतण्यात आली व तिची मर्यादा सुमारे २२ टक्के ठरली. मर्यादा ओलांडणाऱ्या आस्थापनांना ५ टक्क्यांपर्यंत कामगारकपातीची मुभा मिळाली. हे कलम कामगार संघटनांना झोंबले. स्वाक्षरी करणारे राजकीय पक्ष होते, कामगार संघटना नव्हेत. साम्यवाद्यांच्या जवळच्या 'कोमिसिओनेस ओब्रेरास'ने करार उचलून धरला. समाजवादी संघटनेने आरंभी नाराजी दर्शवली. अराजकतावादी संघटनेने तो फेटाळला.

मोबदल्यात सरकारने करसुधारणा, सामाजिक सुरक्षेचा विस्तार, शाळांची उभारणी आणि वित्तव्यवस्थेतील बदल यांचे आश्वासन दिले. नोव्हेंबर १९७७च्या कायद्याने संपत्ती कर लागू झाला, करचुकवेगिरी हा फौजदारी गुन्हा ठरला आणि कर अधिकाऱ्यांपुढे बँकांची गोपनीयता उरली नाही. वित्तमंत्री फ्रान्सिस्को फेर्नान्देस ओर्दोन्येस यांनी हा कायदा संसदेत नेला, त्याचा मसुदा मात्र फुएन्तेस यांच्या संस्थेतील कामावर आधारलेला होता. १९७८ मध्ये संमत झालेला व्यक्तिगत प्राप्तिकर १ जानेवारी, १९७९ पासून अमलात आला. बँक ठेवींच्या संरक्षणासाठीचा निधीही १९७७ मध्येच स्थापन झाला. त्यानंतर लगेचच उद्भवलेल्या बँक संकटात त्याची गरज भासली.

१९७८च्या अखेरीस महागाई सुमारे १६.५ टक्क्यांवर उतरली. ती पाहण्यास फुएन्तेस मंत्रिपदी नव्हते. विजेच्या क्षेत्रातील सुधारणेसह काही प्रश्नांवर मंत्रिमंडळात मतभेद झाल्याने फेब्रुवारी १९७८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी फेर्नान्दो आब्रिल मार्तोरेल आले. राजाने नेमलेले सिनेटर म्हणून ते काही काळ संसदेत होते, परंतु सत्तेच्या राजकारणात पुन्हा उतरले नाहीत.

== मूल्यमापन ==

डाव्या टीकाकारांच्या मते करारातील वेतनमर्यादा ताबडतोब अमलात आली, तर सामाजिक आश्वासने रेंगाळली. या आक्षेपात तथ्य आहे. बेकारी रोखण्यातही करारांना यश आले नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यास ती २० टक्क्यांवर गेली. मूल्यवर्धित कर तर युरोपीय समुदायातील प्रवेशाबरोबर १९८६ मध्ये आला. दुसरीकडे, राज्यघटना लिहिली जात असताना महागाईवरून देश विस्कटला नाही, याचे श्रेय बहुतेक इतिहासकार या करारांना देतात.

== उत्तरायुष्य ==

राजीनाम्यानंतर फुएन्तेस यांनी बचत बँकांच्या 'फुन्कास' या संशोधन प्रतिष्ठानाचे नेतृत्व केले व 'पापेलेस दे एकोनोमिया एस्पान्योला' हे नियतकालिक नावारूपाला आणले. करसुधारणांचा इतिहास सांगणारा त्यांचा लेखसंग्रह १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. १९८९ मध्ये त्यांना सामाजिक शास्त्रांसाठीचा 'प्रिन्स ऑफ अस्तुरियास' पुरस्कार मिळाला. नैतिक व राज्यशास्त्रीय विद्यांच्या राजकीय अकादमीचे ते सदस्य व पुढे अध्यक्ष होते. १९९९ पासून त्यांच्या संपादनाखाली 'एकोनोमिया इ एकोनोमिस्तास एस्पान्योलेस' हा स्पॅनिश आर्थिक विचारांचा बहुखंडी इतिहास प्रकाशित झाला.

एप्रिल २०२० मध्ये, करोना महासाथीच्या काळात, पंतप्रधान पेद्रो सांचेस यांनी सर्व पक्षांना नव्या मोन्क्लोआ करारांसाठी आवाहन केले. तसा करार झाला नाही.